आर्लीनला सोबत

चोवीस वर्षं मी सहा नंबरच्या पार्किंगमध्ये गाड्या लावल्या. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि तोंड काय, ते देवानेच दिलेलं. शनिवारी युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की आमच्या नॉर्थ हॉलम गावाची वस्ती दुप्पट होते, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं, आपली गाडी थेट गेटातच लागली पाहिजे. अशांना सरळ करायचं काम माझं. बाकीचे बिचारे शहाणे. सकाळी आठला यायचे, पिकअपचं मागचं फळकुट उघडून शेगडी मांडायचे आणि मला कपभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं झणझणीत कालवण, नि दालचिनीचा रोल आणून द्यायचे.

पहिल्या रांगेत, दिव्याच्या खांबाखालची जागा गेरिट वेन्स्ट्रांची. तशी पाटी नव्हती की कागद नव्हता. पण दुसऱ्या कुणी तिथे गाडी घातली असती, तर मी त्याला रस्त्यापर्यंत उलटी काढायला लावली असती. गेरिट चौऱ्याऐंशी वर्षांचे, गावाबाहेर मक्याची शेती. त्या खांबापासून चार नंबरच्या गेटपर्यंत एकशेऐंशी पावलं, आणि तेवढ्यात ते दोनदा थांबायचे. एकदा आभाळाकडे बघून वाऱ्याचा अंदाज घ्यायला, एकदा बुटाची नाडी बांधायला. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

बावन्न वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. बाविसाव्या रांगेत त्यांच्या शेजारची खुर्ची माझ्या नवऱ्याची, वेंडेलची. वेंडेल गेल्यापासून गाड्या लावून झाल्या की मी त्या खुर्चीत जाऊन बसायची. गेरिट मला भुईमुगाच्या शेंगा द्यायचे आणि पंचांना शिव्या. आठवडाभर घरात एकटीने टोस्ट खाणाऱ्या बाईला ते तीन तास म्हणजे काय होते, ते मी कुणाला सांगत बसले नाही.

जानेवारीत नोटीस लागली. सहा नंबरचं पार्किंग बंद, तिथे सरावाचा हॉल बांधणार. पुढच्या मोसमापासून सगळ्यांनी गाड्या जत्रेच्या मैदानावर लावायच्या (माझी शिट्टीही तिकडेच), तिथून फुकट बस, बस लायब्ररीच्या कोपऱ्यावर सोडणार, आणि पुढे चार चौक चालत, चढावर. नकाशा रंगीत होता. चढ काही नकाशात दिसत नव्हता.

मी गेरिटना फोन केला. "वाचलंत का?"

"वाचलं. बस चांगली असते. गरम असते."

"आणि पुढचे चार चौक?"

मग म्हणाले, "अगं पोरी, टीव्हीवर हल्ली फार छान दिसतं. आणि संडास जवळ. मी म्हणतो, यंदा तिकिटाचा फॉर्म भरूच नये. एक मार्चपर्यंत आहे ना मुदत? देऊन टाकू खुर्ची कुणा तरण्याबांड माणसाला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बावन्न वर्षं पाऊस, बर्फ आणि एवढे सगळे हरलेले सामने सोसून हा माणूस संडासासाठी खुर्ची सोडणार? त्यांना चालवत नाही, एवढंच. आणि ते मेले तरी तसं म्हणणार नाहीत. आमच्याकडे माणसाचं बोट करवतीत गेलं तरी तो फडक्यात गुंडाळून येतो आणि म्हणतो, जरा खरचटलंय, तुम्ही जेवून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेले ती थेट त्या नकाशावालीच्या ऑफिसात. नोएमी पाझ तिचं नाव. बस-गाड्यांचं नियोजन करायला शिकागोहून आणलेली, तिशीची, पायात पांढरेशुभ्र बूट. म्हटलं, हिने चिखलातलं पार्किंग कधी पाहिलं तरी आहे का.

"बाई गं," मी दारातूनच सुरू केलं, "म्हातारी माणसं चढ कशी चढणार, याचा विचार करायला तुला पगार देतात की नाही?"

"देतात," ती म्हणाली. "बसा. कॉफी घेणार?"

"नको."

तरी तिने दिली. मग कपाटातून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. "ऑक्टोबरमध्ये सहा नंबरच्या पार्किंगमध्ये आम्ही कार्डं भरून घेतली होती. दोनशे बारा गाड्या. तिसरा प्रश्न वाचा."

तिसरा प्रश्न होता: तुमच्या गाडीतल्या कुणाला चार चौक चालायला त्रास होतो का? खाली दोन चौकोन. होय. नाही.

"होय किती आले असतील?" नोएमीने विचारलं. "तीन. तिघंही पाहुण्या संघाचे चाहते, बाहेरगावचे. बसपासून गेटपर्यंत बॅटरीवरच्या गाड्या चालवाव्यात, हे मी पहिल्याच बैठकीत मांडलं होतं. पार्किंगची समिती म्हणाली, निदान पंचवीस माणसं दाखव. माझ्याकडे तीन होती, आणि ती तिघं परत येणारही नाहीत."

मी कार्डं चाळायला लागले आणि माझा हात थांबला. फुल्या जाड पेन्सिलीच्या होत्या. ती पेन्सिल माझी होती.

आठवलं मला सगळं. त्या शनिवारी ड्वेनने, म्हणजे आमच्या पार्किंग खात्याच्या साहेबांनी, तो गठ्ठा माझ्या हातात कोंबला होता. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, वारा बोचरा. मी काचेतून विचारत होते आणि जो तो म्हणत होता, "हॅ! चार चौक? लिही नाही." ज्याच्या मागच्या सीटवर कुबडी होती, तोही म्हणाला नाही. गेरिट म्हणाले, "चार चौक? मी अख्खा जुलै सोयाबीनमधलं तण काढत चालायचो." ते हे कधीचं सांगताहेत ते मला माहीत होतं. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरच्या काळातलं, ते शाळेत होते तेव्हाचं. तरी मी हसले आणि फुली मारली. सगळ्यांत वरचं कार्ड माझं स्वतःचं होतं. तिसरा प्रश्न: नाही. तेव्हा दोन वर्षं झाली होती, माझ्या डाव्या खुब्यात रोज सुरी फिरायची. हे ड्वेनला कळलं असतं तर जाकीट गेलं असतं. सहा तास उभं राहायचं काम ते.

मी या पोरीवर तोंड टाकायला आले होते, आणि गेरिटची वाट मीच बंद करून बसले होते. लाज वाटली मला. पुढ्यातली कॉफी मुकाट पिऊन टाकली.

"परत कार्डं भरून घेऊ या," मी म्हटलं.

"कुणाकडून? तेच लोक, तेच उत्तर. आणि वेळही नाही. गुरुवारी समितीची शेवटची बैठक, सगळ्यांना खुली. त्या दिवशी जे ठरेल तेच."

तिथून मी गेरिटच्या घरी गेले. ते गोठ्यात बादलीवर बसून बाटलीने वासराला पाजत होते. मी सगळं सांगितलं. कार्ड, फुली, माझी चूक, गुरुवार.

"तुम्ही फक्त हात वर करायचा," मी म्हटलं. "एवढंच."

"कशासाठी?"

"गुडघ्यासाठी! कशासाठी काय!"

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"अहो, नाडी नसलेला बूट किती वर्षं बांधणार तुम्ही?"

त्यांचे कान लाल झाले. बादलीवरून उठायला त्यांना तीन प्रयत्न लागले, आणि मी बघतेय हे त्यांना दिसत होतं. "आर्लीन टाउनस्ट्रा," पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "भर सभेत माझं नाव घेतलंस तर या घराची पायरी चढायची नाही. अख्ख्या तालुक्यापुढे मला लंगडं ठरवायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. गाडीत बसल्यावर मात्र मी रडले. राग होता तो, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीच्या तळघरात साठेक माणसं होती. सगळी सहा नंबरची. मी त्यांना नावांपेक्षा गाड्यांनी ओळखायची: निळी फोर्ड, गंजका ट्रेलर, कुबडीवाली ब्यूइक. गेरिट शेवटच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. माझ्याकडे बघायला तयार नव्हते. टेबलामागे ड्वेन बसला होता, अध्यक्ष तोच.

नोएमीने नकाशा दाखवला, चार चौक दाखवले आणि सरळ विचारलं, "हे अंतर कुणाला जड जाणार असेल तर आज सांगा. पंचवीस जण असतील तर मी गाड्या मागू शकते."

एकाने घसा खाकरला, आता बोलेल असं वाटलं, तर त्याने खिशातून गोळी काढून तोंडात टाकली.

"ठीक आहे तर," ड्वेन म्हणाला आणि कागद जुळवायला लागला.

मी उभी राहिले. पटकन राहायचं होतं, पण खुबा अडला आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरावी लागली. बरंच झालं, सगळ्यांनी पाहिलं.

"मला जड जाणार," मी म्हटलं. "चार चौक सोडा, मला एक जमत नाही. डावा खुबा गेलाय. दोन वर्षं झाली. सामन्याच्या दिवशी मी चार गोळ्या खाऊन उभी राहते आणि घरी जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते, कारण वर जाववत नाही. ऑक्टोबरमध्ये मी कार्डावर नाही लिहिलं. खोटं लिहिलं. ड्वेन, तू ऐकतोयस ते मला माहीत आहे. लिहून घे."

ड्वेनने मान खाली घातली. "एक," तो हळूच म्हणाला. "अजून कुणी?"

कुणी नाही. कुबडीवाल्याने कुबडी खुर्चीखाली सरकवली. साठ माणसांपुढे मी एकटी उभी, आणि मला बसताही येईना, कारण बसताना तोंडातून आवाज निघाला असता. नोकरी गेली होती हे मला समजलं होतं, आणि ती फुकट गेली हेही.

तेवढ्यात मागून खुर्ची करकरली.

"ती एकटी कशी जाणार त्या गाडीतून?" गेरिट. उभे राहिले होते, टोपी दोन्ही हातांत. "पडेल कुठे तरी. वेंडेल असता तर गोष्ट वेगळी. मी जाईन तिच्या सोबतीला. मला काही झालेलं नाही, पण बाईमाणसाला सोबत पाहिजे."

नोएमी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. शिकागोची असली तरी पोरगी हुशार. तिने वहीतलं पान उलटलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आर्लीनच्या सोबतीला आणखी कोण जाऊ शकेल?"

निळ्या फोर्डचा हात वर गेला. "मी जाईन. माझी बायकोही येईल, तिला आर्लीन आवडते." ही बाई माझ्याशी नऊ वर्षं बोललेली नव्हती. गंजका ट्रेलर म्हणाला, त्याला वेळ असतोच. कुबडीवाला म्हणाला, वजनदार बाईला उतरवायला दोघं तरी लागतील.

"वजनदार तुझी सासू!" मी म्हटलं, आणि सभा पहिल्यांदा हसली. नोएमी मोजत होती. एक्केचाळीस.

जाकीट मात्र गेलं. ड्वेन ते न्यायला स्वतः घरी आला, वाईट वाटून घेत उभा राहिला, आणि मी त्याला कॉफी पाजून पाठवलं. नियम तो नियम. उन्हाळ्यात मी खुब्याच्या ऑपरेशनला नंबर लावला. तो डिसेंबरचा मिळाला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी जत्रेच्या मैदानावर बसमध्ये चढले ती प्रवासी म्हणून. लायब्ररीच्या कोपऱ्यावर तीन लांब गाड्या उभ्या होत्या, बॅटरीच्या, ठेंगण्या पायरीच्या. पाटीवर काहीतरी सरकारी नाव होतं, पण वाट बघणारी माणसं त्यांना आर्लीनची गाडी म्हणत होती. "चला, आर्लीनला सोबत करायचीय," असं म्हणत जो तो आपापला पाय हाताने उचलून आत ठेवत होता. मी कुणाकडे पाहिलं नाही. कुणालाच तसं बघितलेलं नको होतं.

गेरिट माझ्या शेजारी बसले, खिशात शेंगांची पुडी. चढ मागे पडत गेला. गाडी गेटाशी थांबली तिथून आत जायला वीस पावलं होती. आम्ही उतरलो. दहाव्या पावलावर ते थांबले. मी सवयीने आभाळाकडे बघितलं, म्हटलं, वारा बघताहेत.

त्यांनी वारा बघितला नाही, वाकलेही नाहीत. माझा दंड धरला आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "दुखतोय गं. फार दुखतो."

"हो," मी म्हटलं. "माझाही."

मग आम्ही तिथेच उभे राहिलो, त्यांना पुन्हा पाऊल टाकवेपर्यंत, आणि लोक आमच्या दोन्ही बाजूंनी आत जात राहिले.