तीस जूननंतर एकतीस

इकडे, इकडे बघा, मनगटाकडे. मी बोलतोय, राजनचं स्विस घड्याळ. थोडा तोरा दाखवला तर सांभाळून घ्या, घराण्याचा गुण आहे.

आमचे वाडवडील नुसती वेळ सांगायचे. मग कुणाला तरी तारखेची खिडकी सुचली, पुढे वाराची, महिन्याची. मी त्याच्याही पुढचा. कुठला महिना तिसाचा आणि कुठला एकतिसाचा, मला तोंडपाठ. गाडी अडते ती फक्त फेब्रुवारीपाशी. एक मार्चला माणसाला मला हात लावावाच लागतो. माझे काही भाऊबंद लीप वर्षसुद्धा सांभाळतात, पण त्यांचं कौतुक मी कशाला करू?

राजनने मला चाळिशीला हौसेनं घेतलं. घर डच मुलखात बाडहूव्हडॉर्पला, ऑफिस तिथल्याच स्लोटरडाइकला आणि माझे काटे मात्र पुण्याच्या वेळेवर! दोन वर्षांत परतच जायचंय, असं तो इथे आल्यापासून म्हणतोय.

तिथेच घात झाला. मध्यरात्रीच्या सुमारास माझी चाकं तारीख बदलण्यात गुंतलेली असतात, तेव्हा तारखेचं बटण दाबायचं नसतं. राजनला हे माहीत होतं. पण सुट्टीहून आल्यावर बंद पडलेल्या मला त्याने किल्ली दिली, पुण्याची वेळ लावली आणि खुशाल बटण दाबलं. बाहेर जूनच्या संध्याकाळचं लख्ख ऊन, त्याला कुठली रात्र आठवतेय! माझ्या पोटात मात्र बारा वाजत आले होते. तारखेचं चाक ढकलणारं इवलंसं बोट कट्‌कन मोडलं. काय कळ आली म्हणून सांगू!

राजन मला दुरुस्तीला स्विस कंपनीकडे पाठवायला निघाला. तेवढ्यात आसावरी, त्याची बायको, आडवी आली. ही पुण्याची इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली आणि बरीच वर्षं घरात बसली. मग हट्टानं घड्याळदुरुस्ती शिकली. लायडनच्या एका वर्कशॉपच्या मालकीणबाई, इनेके, तिला म्हणाल्या होत्या की स्वतः दुरुस्त केलेलं एक कॅलेंडरचं घड्याळ आण, मग नोकरीचं बोलू. तसं घड्याळ तिला देणार कोण?

"आसावरी, हा मिक्सर नाहीये."

"मिक्सरही मीच उघडते, राजन. तू स्क्रू हरवतोस."

तिने मला उघडलं. पोलादाचं नवं बोट कानशीनं घासून बसवलं आणि काटे फिरवून पाहिले. तीस जून गेला आणि मी दाखवला एकतीस जून! म्हणजे मी थेट त्या अडाणी वाडवडिलांच्या रांगेत! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. राजनने कुरिअरवाल्याला फोन लावला.

आसावरीने तो फोन काढून घेतला. बोट जरा आखूड पडलंय, एकतीस ओलांडत नाही, दुसरं करते, एवढंच म्हणाली आणि परत भिंग डोळ्याला लावलं. मीही ठरवलं, आता हिची लाज राखायचीच.

लायडनला राजनही आला, माझ्या काळजीपोटी. इनेकेबाईंनी मला कानाशी धरलं आणि काटे फिरवले. तीस गेला, एक जुलै आला. खाडकन, एका उडीत! विश्वास न बसून त्यांनी राजनलाच विचारलं, कुठून करून आणलंत? तो तोंड उघडणार, तेवढ्यात आसावरी डचमध्ये म्हणाली, "मी केलंय."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलापाशी खुर्ची सरकवली आणि दुसरं एक मोडकं घड्याळ तिच्यापुढे ठेवलं. आसावरीने पर्स खाली ठेवली आणि मला राजनच्या मनगटावर बांधलं.

"तू जा घरी," ती म्हणाली. "मला उशीर होईल."

हल्ली तिला रोजच उशीर होतो. तुम्हाला एकच सांगणं आहे, घरातल्या माणसाच्या हाताला कमी लेखू नका. बरं, रजा द्या. राजनला कुकर लावायचाय.