हिरव्या हातमोज्याचा चमत्कार

गावच्या रिंकच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या, उपाहारगृहात त्या मंगळवारी उभं राहायला जागा नव्हती. नेटी पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळायच्या सोडून झाऱ्यासकट बाहेर आली होती. हॉकीची पोरं बुटांच्या नाड्या अर्ध्या सोडून थांबली होती. सगळ्यांच्या माना एका फोनवर वाकल्या होत्या आणि रिंक समितीचा अध्यक्ष ऑरेस्ट त्यावर आलेलं पत्र मोठ्याने वाचत होता.

"'मला तुमच्या गावाचं काहीच ठाऊक नाही. पण का कोण जाणे, वाटतं की तिथे बर्फावर जीव लावणारं कुणीतरी होऊन गेलं. माझा नवरा अर्लही तसाच. पहाटे बर्फावर गरम पाणी सोडताना गुणगुणायचा. त्याची गाडी मला परक्याच्या हाती द्यायची नाही.'"

 मग नेटी म्हणाली, "माझ्या अंगावर काटा आलाय, बघ. गुणगुणायचा म्हणे. आपला निकच की हा."

सगळे आयरीनबाईंकडे बघू लागले. निक त्यांचा नवरा. सव्वीस वर्षं त्याने या गावाचा बर्फ राखला. पहाटेचा अंधार, अंधारात वाफ, वाफेत हळूहळू फिरणारी गाडी आणि गाडीवर गुणगुणणारा निक. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला आणि या डिसेंबरात ती बर्फ खरवडून, गरम पाणी पसरून तो सपाट करणारी गाडीही दुरुस्तीपलीकडे गेली. गाडी नाही म्हणजे बर्फ नाही. बर्फ नाही म्हणजे रिंकला कुलूप, आणि पोरं सत्तर किलोमीटरवरच्या गावाची. कॅनडातल्या या सस्कॅचेवानच्या थंडीत रिंक बंद पडलं की माणसांना भेटायला जागा उरत नाही, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

समितीने वापरलेल्या वस्तूंच्या संकेतस्थळावर 'जुनी गाडी हवी' अशी जाहिरात टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या या मॅरियनचं पत्र आलं. अशा जुन्या गाडीला पन्नास हजार डॉलर सहज पडतात. मॅरियन अठरा हजार मागत होती. फोटो नव्या नवरीसारखे. शिवाय गाडी बर्फावर फिरतानाचा व्हिडिओ. चालवणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसत नव्हता.

"बाई, शुक्रवारी दुपारी बँकेत समितीच्या खात्यासाठी तुमची आणि माझी सही," ऑरेस्ट म्हणाला. तो आयरीनबाईंचा जुना विद्यार्थी, अजून बाईच म्हणायचा. "पैसे तिला नाही जायचे. मधल्या वाहतूक कंपनीकडे राहणार. गाडी आली, पाच दिवस चालवून पाहिली, पसंत पडली तरच तिला मिळणार."

"ती कंपनी कुणी शोधली?"

"मॅरियननेच सुचवली."

"आणि आपण जाऊन गाडी बघितली तर?"

"ती आधीच कंपनीच्या गोदामात बांधून ठेवलीय. तिची मुलगी दवाखान्यात आहे, त्यात घाटरस्ता बर्फाने बंद." ऑरेस्टने खांदे उडवले. "आणखी दोघं रांगेत आहेत म्हणे. पण तिचा जीव आपल्यात अडकलाय."

"आपल्यात कशाला अडकेल? आपण तिचे कोण?"

"आयरीन, तू शाळेत होतीस तशीच राहिलीस," नेटी पुटपुटली. "देवदूत आला तरी त्याचं ओळखपत्र बघशील."

"बघेन. पंख कुणीही शिवून घेतं."

लोक हसले. बाईही हसल्या, पण आतून हलल्या होत्या. त्यांना गाडीपेक्षा त्या गुणगुणण्याचं वेड लागलं होतं. दूर कुठेतरी असाच एक माणूस होता, त्याचीही बाई मागे राहिली, या विचाराने दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना उबदार वाटलं होतं. आणि त्या उबेचीच त्यांना भीती वाटली. तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. जे खरं असावं असं फार वाटतं ते आधी तपासायचं, हे पोरांना सांगता सांगता त्यांच्या जिभेला घट्टे पडले होते.

बुधवारी दुपारी त्यांनी मॅरियनला लिहिलं, 'गाडीच्या नंबरपट्टीचा फोटो पाठवा, शेजारी आजचं वर्तमानपत्र धरून.' उत्तर आलं, 'प्रिय भगिनी, विधवेला विधवेचा संशय यावा, याने काळीज फाटलं.' काळीज फाटलं, पण नंबर आला नाही.

मग बाईंनी चहा केला आणि गावाने देणग्यांसाठी इंटरनेटवर उघडलेलं पान पुढ्यात घेतलं. ते पान त्याच सांभाळायच्या. निकची हकीकत ऑरेस्टने तिथे हौसेने लिहिली होती. त्या हकीकतीच्या शेवटी बाईंनी फक्त एक ओळ जोडली. कुणाला काही बोलल्या नाहीत.

शुक्रवारी बँकेत जायच्या आधी गर्दी पुन्हा जमली. ऑरेस्ट मॅरियनचं नवं पत्र वाचू लागला.

"'काल रात्री स्वप्नात अर्ल आला. म्हणाला, गाडीच्या आसनाखाली बघ. सकाळी गोदामात गेले, तर तिथे हिरवा लोकरी हातमोजा. एकच. अर्ल तो शुभ म्हणून गाडीत ठेवायचा. तुम्हाला यातून काही उमगतंय का?'"

"देवा," नेटी खुर्चीवर बसली. "निकचा हिरवा हातमोजा. परवाच वाचला मी पानावर." तिने छातीवर क्रूस काढला. मागून कुणी हुंदका दिला. एक म्हातारा म्हणाला, "निकनेच ही गाडी धाडलीय. आता सही करा, बाई."

आयरीनबाई उठल्या.

"निककडे हिरवा हातमोजा कधीच नव्हता."

"अगं, पानावर आहे की."

"आहे. बुधवारी मी लिहिलाय. सपशेल खोटा."

नेटीने फोनवर पान उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

"गुणगुणणं पानावर होतं, तर तिचा नवरा गुणगुणला. पहाटेचं गरम पाणी पानावर होतं, तर त्याने पहाटे पाणी सोडलं. मी पानावर एक हातमोजा टाकला, तर स्वप्न पडून तिला हातमोजा सापडला. तिने आपल्याला आपलंच दुःख वाचून दाखवलं. आपण त्याला चमत्कार म्हणालो." त्या ऑरेस्टकडे वळल्या. "आता ते फोटो इंटरनेटवर शोधायला टाक."

ऑरेस्टने टाकले. तीच गाडी, तेच फोटो, तीन वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातीत. गाडी केव्हाच विकली गेली होती. वाहतूक कंपनीचं संकेतस्थळ अकरा दिवसांपूर्वी जन्माला आलं होतं. कंपनीच्या नावाने आलेल्या पत्रांतल्या चुका आणि मॅरियनच्या पत्रांतल्या चुका सख्ख्या बहिणी निघाल्या. पैसे राखणारा आणि पैसे मागणारा एकच.

"मीच जाहिरात टाकली, मीच गळाला लागलो," ऑरेस्ट खाली मान घालून म्हणाला.

"मीही लागले होते," बाई म्हणाल्या. "मला तर तो अर्ल हवाच होता." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "आता पोलिसांना कळव, आणि त्या जाहिरातींच्या संकेतस्थळालाही. दुसऱ्या एखाद्या गावात कुणीतरी असंच गुणगुणून गेलं असेल."

पुढच्या शनिवारी तिघंजण दुसरी जुनी गाडी बघायला चार तास प्रवास करून एका बंद व्हायला आलेल्या रिंकवर गेले. ऑरेस्ट, नेटी, बाई. विकणारा म्हातारा गॉर्डन दारातच उभा होता. त्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"डावीकडची पाण्याची टाकी गळते. पातं बदलावं लागेल. इंजिन थंड आहे, मुद्दाम चालू केलं नाही. तुम्हीच करा."

ऑरेस्टने नंबरपट्टी कागदांशी ताडली, इंजिन चालू केलं, बर्फावर दोन फेऱ्या मारल्या. नेटीला राहवलं नाही. "या गाडीत तुमच्या काही आठवणी वगैरे?"

"तेल आहे," गॉर्डन म्हणाला. "तेही बदला."

बाई कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या आणि त्यांनी खरेदीच्या कागदावर सही केली.

वाचकहो, जुनी वस्तू घ्या, खुशाल घ्या. पण आधी हाताने चाचपा, नंबर ताडा, विकणाऱ्याने दाखवलेल्या पेटीत पैसे टाकू नका, आणि तो घाई करू लागला की तुम्ही निवांत व्हा. आणि अनोळखी माणसाला तुमच्या काळजातली गोष्ट ठाऊक निघाली, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा : हे तुला कुणी सांगितलं?