पत्नीचे आभार

नवरा गेल्यापासून काकूंचं मन, एका जागी बसून पाय बधिर व्हावा, तसं झालं होतं. टोचलं तरी कळत नव्हतं. भेटायला येणारे म्हणायचे, बाई मोठ्या धीराच्या. धीर कसला, सकाळी उठायचं, दूध तापवायचं, उतू जायच्या आत गॅस बंद करायचा, एवढं हातांना सवयीनं येत होतं आणि हात ते करत होते.

अशात एका विज्ञान नियतकालिकाची मेल आली, ती सुनेनं वाचून दाखवली. काकूंचे यजमान प्राध्यापक. त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख याच नियतकालिकात छापून आला होता, मुलगा रांगत होता तेव्हा. विषय तळ्यातल्या गोगलगायींचा. बहुतेकींचा शंख उजवीकडे वळतो, एखादीचा डावीकडे. कुठल्या तळ्यात अशा डावखुऱ्या किती निघतात आणि का, याचा तो अभ्यास. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'शंखांची मोजणी, आकृत्या आणि आकडेमोड यांसाठी माझ्या पत्नीचे आभार.' नाव नव्हतं. नियतकालिकानं आता जुने अंक चाळायला घेतले होते. ज्यांनी लेखकाइतकंच काम केलं आणि ज्यांची आभारावर बोळवण झाली, त्यांची नावं लेखक म्हणून लावायची, असं ठरलं होतं.

सून हरखली. मुलाचा चेहरा मात्र उतरला. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. कुठल्याही मजकुरात कुणाच्या माथी काय मारलं जातंय, हे त्याला आधी दिसायचं. बाबांनी आईचं श्रेय लाटलं असाच याचा अर्थ होतो, आणि माणूस उत्तर द्यायला नसताना हे बरं सुचलं, असं त्याचं म्हणणं. आईंचं काम आईंच्या नावावर नको का, असं सुनेचं. दोघांची चांगलीच जुंपली. काकू मटार सोलत होत्या. दोघांचंही बरोबर आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यात आपण कुठे आहोत ते काही सापडलं नाही.

चार दिवसांनी संपादिकेचा व्हिडिओ कॉल आला. मुलाच्याच वयाची, सर्दीनं बेजार झालेली बाई. तिनं विचारलं, काकूंनी सांगितलं. तळ्यावर दोघं जायचे. शंख धुऊन, वेगळे करून, मोजायचं काम काकूंचं. आकृत्याही त्यांच्याच, कारण यजमानांना सरळ रेघ यायची नाही. पदवी दोघांची सारखी, वर्गही एकच.

"मग पुढे काय झालं?" संपादिकेनं विचारलं.

"ह्यांना नोकरी लागली, मला मूल झालं," काकू म्हणाल्या.

संपादिका हसली नाही. तिनं निवेदनाचा मसुदा वाचून दाखवला. सहलेखिकेचे नाव अनवधानाने राहून गेले होते, अशी त्यात ओळ होती.

"अनवधानानं नाही," काकू म्हणाल्या. "विचारून काढलं."

मग त्यांनी, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी, सगळी हकीकत सांगितली. लेख पहिल्यांदा दोघांच्या नावानं गेला होता. तेव्हाच्या संपादकांचं उत्तर आलं: काम उत्तम आहे, पण नवऱ्याच्या जोडीला बायकोचं नाव दिसलं की वाचकांना हा घरगुती उद्योग वाटतो; पत्नीचा उल्लेख आभारात करावा. यजमान ते घेऊन स्वयंपाकघरात आले. मग छापायलाच नको, म्हणाले. काकू मुलाला भरवत होत्या. त्याच म्हणाल्या, "काढा हो. पुढच्या वेळी लावू." पुढची वेळ आलीच नाही. नंतरचे लेख त्यांनी एकट्यानं लिहिले, कारण काकूंना सवड नव्हती. ते पत्र घरं बदलताना कुठंतरी गेलं.

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता.

नियतकालिकाकडे अशी काही नोंद नाही, असं संपादिका ओशाळून म्हणाली. 'तेव्हाच्या प्रथेनुसार' असं लिहिलं तर चालेल का?

"प्रथेला हात नसतात," काकू म्हणाल्या. दूधवाल्याला उद्या अर्धाच लिटर टाका सांगावं, तितक्याच आवाजात. "पत्र कुणीतरी लिहिलं होतं. तसं छापता येत नसेल तर राहू द्या."

त्या संध्याकाळी मुलगा जवळ येऊन बसला. "आई, कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

तो हुंदके देऊन रडला. वडील गेले तेव्हाही असा रडला नव्हता. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला शर्टाचं कापड लागलं, बाकी काही नाही.

संपादिका तिकडे वरिष्ठांशी भांडत राहिली. अखेर निवेदन आलं. लेखावर आता दोन नावं होती, आणि खाली लिहिलं होतं: 'सहलेखिका सांगतात की त्यांचे नाव तत्कालीन संपादकांच्या सूचनेवरून वगळण्यात आले. आमच्याकडे नोंद नाही. तरी आम्ही त्यांचे म्हणणे ग्राह्य धरतो.' मुलानं ते दोनदा वाचलं. "दावा मंजूर," एवढंच म्हणाला.

फोनवर फोन आले. नणंद म्हणाली, "वहिनी, तू एवढी विद्वान हे ठाऊक असतं तर तुला खरकटी काढायला लावली नसती."

"लावलीच असती," काकू म्हणाल्या. नणंदेनं क्षणभर विचार करून ते कबूल केलं. फोन ठेवल्यावर काकू वाट बघत बसल्या, आता काहीतरी वाटेल म्हणून. काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी एक मेल आली. 'आदरणीय डॉक्टर' अशी सुरुवात करून कुणाचा तरी नवा लेख तपासून द्यायची विनंती होती. काकू कसल्या डॉक्टर! मुलगा म्हणाला, यंत्रानं आपोआप धाडलेलं दिसतंय, कळवून टाकतो. सुनेनं आधी संपादिकेला फोन लावला. ती म्हणाली, हो, लेखकांच्या यादीतून यंत्रानंच निवडलंय, पण मी ते रद्द करणार नाही. लेख तपासायला वर्षानुवर्षं तीच ती माणसं असतात, आणि त्यांना तीच ती माणसं पसंत पडतात. जमेल तेवढं बघा, नवं काही अडलं तर ते दुसरं कुणी तपासेल.

"लिहिलंय कुणी?" काकूंनी विचारलं.

तपासणाऱ्याला आता लेखकांची नावं दाखवत नाहीत, असं उत्तर आलं. गावही नाही, संस्थाही नाही.

"बाई की बुवा, तेही नाही?"

"तेही नाही."

"बरं," काकू म्हणाल्या आणि सुनेला अक्षर मोठं करून द्यायला सांगितलं. पहिल्या पानावरचे निम्मे शब्द नवे होते. त्यांच्या वेळी ते जन्मालाही आले नव्हते. दुसऱ्या पानावर तळ्याचं वर्णन होतं: काठाचा चिखल, पाण्याची खोली, शंख कुठल्या बाजूनं वेचले ते. ते त्यांना कळलं. खुर्ची थोडी पुढे ओढून त्या वाचत बसल्या.