बादलीवरचे आजोबा

आमच्या गावात ज्या घरची मुलगी सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी असते, त्या घरामागे एक पालथी बादली असतेच. बादलीवर उशी, उशीवर बाप नाहीतर आजोबा, आणि त्यांच्या डाव्या हातात जाड ग्लव्ह. पोरगी समोरून हात गरागरा फिरवून खालून चेंडू फेकते आणि हे झेलतात. आमच्याकडे बादलीवर माझा नवरा व्हर्लिन बसतो. लेक इस्पितळात कामाला, म्हणून नात हॅडली शाळा सुटली की आमच्याकडेच येते.

हॅडलीला विद्यापीठाच्या संघातून खेळायचंय. तिने पाठवलेले व्हिडिओ बघून एका विद्यापीठाच्या प्रशिक्षक बाईंनी कळवलं होतं, "हात सुरेख आहे, वेग मात्र कमी वाटतो. शनिवारच्या स्पर्धेत बघते." व्हर्लिनने त्याचा अर्थ एवढाच घेतला की सराव वाढवायचा. रोज जास्त वेळ बादली.

बुधवारी तो ट्रॅक्टरचा पट्टा आणायला गेला होता. मी कोलाचेचं, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचं पीठ मळत होते. एवढ्यात घरामागच्या कोठाराकडून आवाज आला, ठाप! मग पुन्हा, ठाप! मी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले. हॅडली कोठाराच्या फळ्यांवर चेंडू मारत होती. मला बघून थांबली.

"हे काय गं?"

"काही नाही. हात मोकळा करतेय."

"आजोबा समोर असले की हा जोर कुठे जातो?"

ती बुटाने माती उकरायला लागली. "आजी, त्यांना सांगू नकोस हं. वसंतात माझा चेंडू लागला, तेव्हापासून त्यांचा अंगठा नीट वळत नाही. शर्टाची बटणं तूच लावून देतेस ना?"

"आणि सामन्यात?"

"तिथेही तसाच हळू जातो. जोरात टाकायला गेलं की तो सुजलेला अंगठाच दिसतो."

मी कबूल केलं, सांगणार नाही. पण ऐकवणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं. लहान पोरांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. उत्तर सांगून टाकलं की पोर विसरतं, स्वतःच्या डोळ्याकानांनी मिळालं की राहतं. नवऱ्यांचंही तसंच असतं.

गुरुवारी मी हॅडलीला एकटीलाच मागे पाठवलं आणि व्हर्लिनला जर्दाळूच्या बिया काढायला स्वयंपाकघरात बसवलं.

ठाप!

"कोण लाकडं फोडतंय?"

"तुझी नात."

तो खिडकीशी गेला. दोन चेंडू पाहिले. "असा चेंडू ती मला कधी टाकत नाही."

"नाही टाकत."

मी पुढे होऊन त्याच्या मनगटाचं सुटलेलं बटण लावलं. तो बटणाकडे बघत राहिला, मग अंगठ्याकडे.

"म्हातारा समजते मला."

"म्हातारा तू आहेसच. ती तुला जपते, तीच तर पंचाईत आहे."

फोन उचलून त्याने हॅडलीच्या संघात तिचे चेंडू झेलणारी कॅचर मारिसोल हिला बोलावलं, स्वतःचा ग्लव्ह खुंटीला अडकवला आणि बादली उचलून कोठाराच्या कडेला नेऊन ठेवली.

"आजोबा, तुम्ही तिकडे का?" हॅडलीने विचारलं.

"बढती झाली माझी. आता नुसता बसून नावं ठेवणार."

शनिवारी त्या बाई जाळीमागे वेग मोजायचं यंत्र घेऊन बसल्या. व्हर्लिनने कोलाचेचा डबा पुढे केला, तर त्या हसल्या आणि उठून लांब जाऊन बसल्या.

"अरे, खेळ चालू असताना घरच्यांशी बोलायची त्यांना मनाई असते," मी त्याला दटावलं.

"बोल कुठे म्हटलं? खा म्हटलं."

हॅडलीने पहिला चेंडू टाकला. हळू. दुसराही हळू. सवय काय दोन दिवसांत सुटते? बाईंनी यंत्रावरचा आकडा पाहिला, पुढचाही पाहिला आणि यंत्र पिशवीत टाकलं.

व्हर्लिन उठला. आमच्याकडे जाळीमागून ओरडणाऱ्या घरच्यांना प्रशिक्षक वैतागतात, त्यापायी पोरांच्या किती संधी गेल्या असतील, म्हणून मी त्याची बाही धरली. पण तो ओरडला नाही. बरोबर आणलेली बादली घेऊन तो थेट मारिसोलच्या मागे, जाळीच्या अलीकडे जाऊन उभा राहिला. दोन्ही रिकामे हात वर केले, अंगठा हलवून दाखवला, मग मारिसोलच्या ग्लव्हकडे बोट केलं. आणि बादलीवर बसून मांडीवर हात ठेवले, न्हाव्याकडे नंबर लावून बसल्यासारखे.

हॅडली फिसकन हसली. खांदे सैल झाले. हात फिरला.

ठाप!

"आई गं!" मारिसोल हात झटकत ओरडली. "मी काय घोडं मारलंय गं तुझं?"

बाईंचा हात पिशवीत गेला आणि यंत्र परत बाहेर आलं. त्यानंतर शेवटच्या चेंडूपर्यंत ते त्यांनी खाली ठेवलं नाही.

संध्याकाळी हॅडलीच्या संघाच्या प्रशिक्षकाचा फोन आला. बाईंनी हॅडलीला विद्यापीठ बघायला बोलावलं होतं, घरच्यांसकट. हॅडली अंगणात गोल गोल धावत सुटली. व्हर्लिन तिला थांबवत म्हणाला, "अगं, आधी एक विचारून घे त्यांना. तिथे बादली आणलेली चालते का?"