पाचवी जागा

मावशीने कपाटाच्या काचेवरची पाटी नखाने उचकटून काढली आणि भाचीच्या हातात दिली.

"ही पुन्हा लिहा. नाहीतर सरळ छापा, की साध्या माणसांचे फोन आम्ही मोजत नाही."

भाचीने पाटी उलटी करून धरली. 'या पाच फोनांनी ही प्रणाली जगभर पोचवली,' असं तिच्यावर लिहिलेलं होतं. फोन चालवणाऱ्या त्या संगणक-प्रणालीवरचं संग्रहालयातलं हे दालन पुढच्या आठवड्यात उघडायचं होतं. दालनाची मांडणी भाचीची. मावशीला ते सगळ्यांच्या आधी दाखवावं म्हणून तिने हौसेने बोलावून घेतलं होतं.

कपाटात पाच फोन पोलादी खुंट्यांवर उभे होते. मावशीने बनवलेला त्यात नव्हता. तो साबणाच्या वडीएवढा होता, प्लॅस्टिकचा, कडा बोथट. मोठ्या, महागड्या फोनांसाठी लिहिलेली प्रणाली त्याच्या इवल्याशा मेमरीत चालवून दाखवायची म्हणजे हत्तीला माळ्यावर चढवण्यातला प्रकार होता. मावशीच्या तुकडीने तो चढवला होता. नंतर तो फोन किराणा दुकानांतसुद्धा विकला गेला, बिस्किटांच्या बरण्यांशेजारी.

"निवड समितीने केली, मावशी. मी फक्त मांडलंय."

"मांडताना एकदाही मनात आलं नाही?"

भाचीच्या मनात आलं होतं. पण बैठकीत सगळी वडीलधारी मंडळी होती आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. मावशीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला काय ते समजलं. त्याने ती आणखीच भडकली.

आवाज ऐकून संचालक आले. मऊ बोलणारा, हात जोडून उभा राहणारा माणूस.

"बाई, तुमचा फोन खूप विकला गेला, हे कोण नाकारतंय? पण प्रणालीचं नाव झालं ते या देखण्या फोनांमुळे. लोकांच्या मनात भरले ते हे."

"मनात भरायला आधी हातात यावा लागतो," मावशी म्हणाली. तिने मधल्या, धातूच्या फोनासमोरच्या काचेवर बोट ठेवलं. "हा कोणाच्या हातात होता? विमानतळावर बॅगा ओढत फिरणाऱ्यांच्या. ज्यांच्याकडे आधीच दोन-दोन फोन होते त्यांनी तिसरा घेतला, त्याला तुम्ही वाढ म्हणता? मेंढरं राखणाऱ्यापासून शिलाई मारणाऱ्या बाईपर्यंत फोन पोचला तो कोणता, ते विचारा. तुमच्या समितीतल्या एकाच्या तरी घरच्या मोलकरणीला विचारलंत?"

संचालकांनी घसा खाकरला. उद्घाटनाला वार्ताहर येणार होते, आणि ही बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

"ठीक आहे. ठेवू तुमचा फोन. पण जागा पाचच आहेत. खुंट्या, तारा, दिवे, सगळं पक्कं बसवलेलं आहे. म्हणजे एक काढावा लागणार."

"काढा की. हा धातूचा काढा."

"तो नाही निघायचा. दालनाचा खर्च त्याच कंपनीने उचललाय." संचालकांची नजर कपाटावरून फिरली आणि कडेच्या फोनावर थांबली. "हा काढू. सरकत्या कळांचा. जाडजूड, बेढब. आजच्या मुलांना तो फोन वाटणारसुद्धा नाही. आणि तो ज्यांनी केला ते गृहस्थ आता कुठे असतात कोण जाणे. तक्रार करायलाही कोणी यायचं नाही."

भाचीने मान खाली घातली. ते गृहस्थ कुठे असतात ते तिला माहीत होतं. मावशीशी घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली तरी ती त्यांना काकाच म्हणायची. त्या जाडजूड फोनाच्या पायी काका घरी फक्त झोपायला यायचे. जेवताना हाताखाली नमुना ठेवून त्याच्या कळा खटखट बाहेर काढायचे, आत ढकलायचे. 'त्या खटक्याने माझा संसार खाल्ला,' हे वाक्य माहेरच्या प्रत्येक लग्नाकार्यात कोणी ना कोणी मावशीच्या तोंडून ऐकलं होतं. आता तो कपाटातून निघणार आणि त्याच्या जागी तिचा बसणार. भाचीला वाटलं, मावशी आता तरी हसेल.

"त्याला हात लावायचा नाही," मावशी म्हणाली.

संचालक गोंधळले. "अहो, तुमच्याचसाठी..."

"माझ्यासाठी काही करू नका. हा फोन आला तेव्हा काचेवर टाइप करायला लोक भीत होते. बोट भलतीकडेच पडायचं. या कळा होत्या म्हणून त्यांनी ही प्रणाली हातात धरली. ती धरली म्हणून बाकीच्यांनी तिच्यासाठी खेळ लिहिले, नकाशे लिहिले. नुसत्या रिकाम्या डब्यासाठी माझ्या फोनाकडे कोण फिरकलं असतं?" तिचा आवाज चढला. स्वतःच्या फोनासाठीही तो एवढा चढला नव्हता. "बेढब म्हणे. त्याची सरकपट्टी हजारदा उघडमीट केली तरी ढिली पडत नाही. एकदा करून तर बघा."

"मग तुमचा बसत नाही, बाई."

"नाही बसत तर नाही."

तिने पर्स उचलली आणि ती चालू लागली. भाचीने तिला दारात गाठलं.

"मावशी, मी काकांना कळवू?"

"काही कळवायचं नाही. त्याच्यावरचा राग अजून उतरलेला नाही माझा."

"मग हे कशासाठी?"

"राग माणसावर आहे," मावशी म्हणाली. "फोन चांगला होता."

उद्घाटनाला ती येईल असं भाचीला वाटलं नव्हतं. पण ती आली, इस्त्रीची साडी नेसून, आणि ओठ घट्ट मिटून भिंतीपाशी उभी राहिली. संचालकांनी धातूच्या फोनाची थोरवी सांगितली, टाळ्या पडल्या, लोक कपाटाभोवती जमले. भाची लांबून तिच्यावर लक्ष ठेवून होती. आता भडका उडतो की मग, याच धास्तीत.

गर्दीतून एक पोक्त बाई कोपराने वाट काढत बाहेर आली आणि मावशीशेजारी येऊन थांबली. ओळखदेख काही नव्हती, पण तिला कोणाशी तरी बोलायचंच होतं.

"आमचा पहिला फोन यांनी ठेवलेलाच नाही," ती फणकारली. "एवढासा होता बघा, साबणाच्या वडीसारखा. माझी मुलगी नर्सिंगला परगावी होती. रोज तिचं तोंड दिसायचं त्यात. आमच्या आख्ख्या आळीत तोच फोन. आणि इथे हे नटवे मांडून बसलेत. निवडणाऱ्यांनी डोळे गहाण टाकले होते की काय? काडीची अक्कल नाही मेल्यांना."

बोलून झाल्यावर ती जराशी वरमली. ही साडीवाली यांच्यापैकीच असली तर, असं तिच्या मनात आलं असावं.

मावशीने बाजूची खुर्ची तिच्याकडे ओढली.

"बसा," ती म्हणाली. "अजून बोला."