चादरीपलीकडची सासू

"मरेन, पण त्या खोलीत पाऊल टाकणार नाही!" ओबिएरोने दाराची चौकट घट्ट धरली होती. सरोवरात जाळं ओढताना जांघेत कळ आली आणि अंडकोष टरारून सुजला, म्हणून कोळ्यांनी त्याला आमच्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांना पीळ पडल्याची शंका होती. तसं असेल तर ताबडतोब चिरायचं, वेळ गेली असेल तर काढूनच टाकायचं. लग्नाला दोन वर्षं झालेली, अजून घरात पाळणा हललेला नाही. कुणाचीही गाळण उडेल.

पण त्याची अडचण वेगळीच. सोनोग्राफी करणारी एकच बाई, पिलिस्ता, आणि ती त्याची सख्खी सासू! आम्हा लुओ जमातीच्या लोकांत जावई सासूसमोर घासही खात नाही, मग हे तर विचारूच नका.

"ओकुमू, बघत काय राहिलास?" पिलिस्ता माझ्यावर खेकसली. "नर्स आहेस ना? चादर टांग, यंत्राचा पडदा माझ्याकडे फिरव. हात तुझा, डोळे माझे."

टांगली चादर. मग सुरू झाली माझी हमाली.

"जावयाला म्हणावं, पाय पसर."

"सासूबाईंना म्हणावं, पसरले."

एका हाताचं अंतर, पण निरोप माझ्यामार्फत!

"थोडं वर सरक. आता दाब," ती म्हणाली आणि तीच जागा पुन्हा पुन्हा दाबायला लावली. नातवाची आस तिलाही होतीच की.

"अंडात रंग दिसतोय," ती अखेर बोलली. "रक्त खेळतंय. पीळ नाही. वरची शीर फुगलीय, दाबली तरी चपटी होत नाही, आत रंगही नाही. गुठळी आहे तिथे." ती चादरीपाशी सरकली. "सांग त्याला, काही कापायचं नाही."

"आई गं!" ओबिएरो ढसाढसा रडला. पलीकडून फक्त नाक शिंकरल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनीही चित्रं पाहून तेच सांगितलं. दुखणं थांबायच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, जाळं बंद, आणि आधाराला घट्ट चड्डी. दुसऱ्या दिवशी पिलिस्ताने कागदात गुंडाळलेल्या दोन कोऱ्या चड्ड्या माझ्या हातात कोंबल्या. "तुझ्या नावाने दे. माझं नाव काढलंस तर याद राख!"

महिन्याने तो तपासणीला आला तेव्हा सूज उतरली होती. पुन्हा तीच चादर, तीच माझी हमाली. शिरेत रक्त वाट काढू लागलं होतं. निघताना त्याने माशांची टोपली चादरीपाशी ठेवली.

"चड्ड्या ज्यांनी धाडल्या, त्यांना हे. तुला नाहीत, ओकुमू."

चादरीखालून एक हात आला आणि टोपली आत ओढून घेऊन गेला. ओबिएरो तोवर भिंतीकडे तोंड करून उभा होता.