पूर्ण एक मिनिट

वॉर्डात सहा खाटा होत्या, त्यातल्या पाच भरलेल्या. बाबांच्या खाटेपाशी सलाइनचे दोन स्टँड होते, पैकी एक रिकामा. सकाळीच नाकातून काढलेली ऑक्सिजनची नळी उशाशी, बोटाला क्लिप, दंडाला पट्टा, आणि भिंतीवर एक स्क्रीन. त्यावर तीन आकडे दिसत: नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. तीन दिवसांत खाटेपाशी चव्वेचाळीस वेळा कुणी ना कुणी येऊन गेलं. त्यात बाबांना हात लागला दहा वेळा. सहा वेळा रक्त काढायला, तीन वेळा कुशीवर वळवायला, आणि एकदा चुकून. हलवायचं होतं शेजारच्या पेशंटला.

रसायनशास्त्र शिकल्यापासून मला नोंदी करायची खोड लागली आहे. शिवाय तिथे दुसरा उद्योगही नव्हता.

बाबांच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता. आता ताप उतरला होता आणि दुपारी तीनला त्यांना घरी सोडणार होते. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. तीन रात्री प्लॅस्टिकच्या खुर्चीत काढल्यावर माणसाला मतं उरत नाहीत, फक्त पाठ उरते.

एक वाजता आत्या आली. तेहतीस वर्षं दुसऱ्या एका हॉस्पिटलात सिस्टर होती, आता निवृत्त. ती खुर्चीकडे न बघता सरळ खाटेच्या कडेवर बसली.

"काय दादा, सासुरवास संपला म्हणे?"

"हो. तीनला. सोडतात. एकदाचं."

आत्या हसली, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. थोड्या वेळाने ती मला खिडकीपाशी घेऊन गेली.

"एवढंसं वाक्य चार तुकड्यांत? शिलाई मशीन नीट दुरुस्त झालं नाही म्हणून गिऱ्हाईक दुकानात आलं, की हा पाऊण तास न थांबता भांडतो. श्वास मोजलेस का त्याचे?"

"तक्त्यात लिहिलेत ना."

"लिहिलेत ते मला दिसतंय. मोजलेस का, ते विचारतेय."

मी खाटेच्या पायथ्याचा तक्ता काढला. आल्यापासून सतरा नोंदी होत्या. नाडी चौऱ्याऐंशीपासून एकशे बारापर्यंत वरखाली झाली होती. ताप एकशे दोनवरून उतरला होता. श्वासाच्या रकान्यात मात्र सतराही वेळा अठरा. ताप एकशे दोन असतानाही अठरा. प्रयोगशाळेत मी इतके एकसारखे आकडे दाखवले असते, तर आमच्या सरांनी वही खिडकीबाहेर भिरकावली असती.

"हा आकडा स्क्रीनवर येत नाही," आत्या म्हणाली. "माणसालाच बसून मोजावा लागतो. धडधाकट माणसाचा मिनिटाला बारा ते वीस, तिशी ओलांडली की धोका. आमचे मोठे डॉक्टर..."

'आमचे मोठे डॉक्टर' सुरू झाले की आमच्या घरात सगळ्यांना कामं आठवतात. मला जाण्यासारखी जागा नव्हती. मोठे डॉक्टर तपासण्याआधी तळहात घासून गरम करत. नखं बघत, जिभेचा रंग बघत, पेशंटच्या तोंडाशी वाकून वास घेत. पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करत, कलिंगड निवडावं तसं. आणि कुणी श्वास न मोजता आकडा लिहिला, तर अख्ख्या वॉर्डासमोर आरडाओरडा करत.

"पेशंटला काय झालंय ते तरी सांगायचे का?" मी विचारलं.

"छे! विचारलं तरी खेकसायचे."

"आणि माणसं मरत नव्हती?"

"आजच्यापेक्षा जास्त मरायची गं," आत्या थकून म्हणाली. "औषधं कुठे होती एवढी? म्हणून तर नुसतं बघत बसायचो. जा, मोज आता."

मी बाबांसमोर उभी राहून फोनमधलं घड्याळ लावलं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करावं असा विचार होता. बाबांनी डोळे उघडले.

"काय मोजतेस?"

"काही नाही. तुमचा श्वास."

बाबांनी शहाण्या मुलासारखा सावकाश श्वास घ्यायला सुरुवात केली. दुप्पट करून बावीस आले.

"सांगून मोजलास होय!" आत्याने कपाळावर हात मारला. "त्याला घरी जायचंय, तो आता योगी होईल. मनगट धर. त्याला वाटू दे नाडी बघतेस. बघायचं छातीकडे. आणि पूर्ण मिनिट."

मी मनगट धरलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच. हात गार आणि ओलसर होता. मिनिट फार मोठं असतं. मानेजवळचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. मी तो तीन दिवस बघत होते आणि तरी बघितला नव्हता. एकतीस आले. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले, तेहतीस.

मी तक्ता घेऊन सिस्टरकडे गेले. ती उभ्याउभ्याच बिस्कीट खात होती.

"सिस्टर, हे अठरा कुणी मोजले?"

तिने आधी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाच वॉर्ड मिळून सव्वीस पेशंट आहेत माझ्याकडे. प्रत्येकाला एक मिनिट म्हणजे सव्वीस मिनिटं. द्या आणून, मोजते." मग आवाज उतरला. "आधीच्या ओळीत अठरा असतं, म्हणून खाली अठरा. सगळेच तसं करतात."

तिने बिस्कीट ठेवून डॉक्टरांना फोन लावला आणि तक्ता घेऊन माझ्यामागोमाग खाटेपाशी आली.

डॉक्टर माझ्याच वयाचा होता, डोळे लाल, खांद्यावर स्टेथोस्कोप, हातात घरी सोडण्याचे कागद. तो स्क्रीनसमोर उभा राहिला.

"ऑक्सिजन चौऱ्याण्णव आहे. एक्स-रे सुधारलाय. आकडे चांगले आहेत, काकू."

"मी ठीक आहे," बाबा म्हणाले. "सही करा. तुम्ही."

आत्याने वाद घातला नाही. तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"डॉक्टर, कधीपासून उभे आहात?"

"काल सकाळपासून."

"मग बसा हो मिनिटभर. बसलात म्हणून कुणी ओरडणार नाही. नाडी तेवढी बघा त्याची."

तो बसला. बसताना त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. त्याने कागद मांडीवर ठेवले, बाबांचं मनगट धरलं आणि सवयीने मान स्क्रीनकडे वळवली.

"तिकडे नको," आत्या हळू म्हणाली. "इकडे."

तिने स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून चादरीवर त्याच्यासमोर ठेवलं. बाबांनी डोळे मिटले. डॉक्टरचे ओठ हलायला लागले. पंधरा सेकंदांनी त्याच्या कपाळाला आठी पडली. अर्ध्या मिनिटाला तो थांबेल असं मला वाटलं, पण तो मोजत राहिला. मधे त्याचा फोन वाजला. त्याने तो न बघताच बंद केला.

काटा फिरून जागेवर आला. मनगट न सोडता त्याने दुसऱ्या हाताने सिस्टरकडून तक्ता मागितला आणि अठराव्या ओळीत लिहिलं.

वेळ दोन वाजून दहा मिनिटं. श्वास, दर मिनिटाला: चौतीस.